सिलिकॉन रिंग सेन्सर: कंट्रोल रिंगही सरकते, मग मी नेमकं काय मोजतोय?

तरंगवेडा

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. सध्या संशोधनात सिलिकॉन फोटोनिक चिपवर अँटिबॉडी पकडायचं काम आहे आणि दीड महिना एकाच जागी रुतून बसलोय.

मांडणी अशी. चिप फाउंड्रीतून करून आणली. वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी सिलिकॉनची पट्टी) २२० नॅनोमीटर जाड, ५०० रुंद. रिंगांची (वेव्हगाइडच गोल वळवलेला) त्रिज्या १० मायक्रॉन, टीई मोड (प्रकाशाचं विद्युतक्षेत्र चिपला समांतर), तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास. रिंगांवरचं ऑक्साइड काढलेलं, म्हणजे द्रव थेट सिलिकॉनला लागतो. वर पीडीएमएसचा (सिलिकोन रबराचा) एकच चॅनल. पाण्यात डिपची (रिंग ज्या तरंगलांबीला प्रकाश गिळते तिथल्या खड्ड्याची) रुंदी ११० पिकोमीटर येते, म्हणजे क्यू (तरंगलांबी भागिले ही रुंदी) १४ हजारांच्या घरात.

मिठाच्या द्रावणावर चिप झकास चालली. १ टक्क्याला डिप १०६ पिकोमीटर सरकली, अर्धा, एक आणि दोन टक्के सरळ रेषेत. मी खूश.

मग पृष्ठभागाची तयारी केली: एपीटीईएस (पृष्ठभागाला धरून बसणारा रासायनिक लेप), त्यावर ग्लुटराल्डिहाइड (लेपाला प्रथिन जोडणारा दुवा). ब रिंगवर बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं साधं प्रथिन (ही माझी कंट्रोल, तुलनेसाठीची), अ रिंगवर सशाचं आयजीजी (सशाच्या रक्तातली अँटिबॉडी). दोन्ही थेंब पिपेटने, अर्धा मायक्रोलिटर प्रत्येकी. रिंगांमध्ये अंतर ५०० मायक्रॉन. नमुना म्हणजे सशाच्या आयजीजीला चिकटणारी अँटिबॉडी, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) ५० पट पातळ करून.

निकाल: अ रिंग ९५ पिकोमीटर सरकली. ब रिंग ८२! तीनदा केलं, तीनदा तेच. शिवाय नुसतं पीबीएस वाहत असलं तरी डिपच्या जागेची रेषा तासाला ४० पिकोमीटर आपोआप वर चढते.

सर म्हणतात, फरक १३ चा आहे, तोच सिग्नल, लिहून टाक. मला पटत नाही. ८२ कशाचे आहेत?

---

रिंगमास्तर

पटत नाही हे बरंच आहे. लिहू नकोस.

आधी तीन प्रश्न. नमुना गेल्यावर परत पीबीएस सोडलंस का, आणि सोडलं असशील तर रेषा कुठे आली? अँटिबॉडीच्या बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचलंस का, म्हणजे प्रथिनाखेरीज आत काय काय आहे? आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर चिपला लागून आहे की खालच्या धातूच्या ठोकळ्यात?

उत्तरं येईपर्यंत थोडं बोलतो, कारण या खड्ड्यात मी स्वतः पडून आलोय.

तुझी रिंग अँटिबॉडी ओळखत नाही. मीठही ओळखत नाही. तिला एकच गोष्ट कळते: तिच्या अंगालगतच्या साधारण शंभर नॅनोमीटरच्या पट्ट्यात अपवर्तनांक किती आहे. प्रकाश वेव्हगाइडमध्ये कोंडलेला असला तरी त्याचा थोडा भाग बाहेर द्रवात झिरपलेला असतो आणि बाहेर जाल तसा झपाट्याने विरतो. त्या भागाला पाण्याऐवजी प्रथिन भेटलं की प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो, आणि रिंगेच्या परिघात पूर्ण संख्येने लाटा बसायची जी तरंगलांबी होती ती थोडी लांब होते. बस. प्रथिनाने झालं, मिठाने झालं, ग्लिसरॉलने झालं, रिंगेला सगळं सारखंच. ओळखण्याचं काम पृष्ठभागावरच्या रसायनाचं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही: सिलिकॉनची रिंग हा अतिशय उत्तम तापमापक आहे. सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंशाला जवळपास ०.०००१८ ने वाढतो. तुझ्यासारख्या रिंगेला हे अंशामागे ७० ते ८० पिकोमीटर पडतं. तुझे तासाचे ४० पिकोमीटर म्हणजे अर्धा अंश. प्रयोगशाळेतला एसी बंद-चालू होण्याइतका.

माझं सांगतो. तीन महिने माझ्याकडे एक सुंदर बंधनवक्र (प्रथिन चिकटतानाचा आलेख) यायचा. आधी चढ, मग सपाट, अगदी पुस्तकातल्यासारखा. नमुना शीतकपाटातून काढून लगेच पंपाला लावायचो. गार द्रव चिपवर यायचा, रेषा खाली जायची, मग द्रव हळूहळू कोमट होत गेला की वर चढून स्थिर व्हायची. मी तो चढ मोजून त्याला प्रथिन म्हणत होतो. एकदा चुकून प्रथिन न घातलेलं पीबीएसच शीतकपाटातून काढून लावलं, आणि तोच वक्र आला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणखी एक खोड आत्ताच तपासून घे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा मोजताना चालू ठेवतोस का? तो बंद कर. फायबर जुळवायला लागतो म्हणून चालू राहतो, आणि तो उजेड सिलिकॉन शोषून घेतं. दिवा घालवला की डिप काही पिकोमीटर उडी मारते, पाहा करून. तसंच डिपचा आकार बघ. एका बाजूला कलंडलेला, करवतीच्या दातासारखा दिसत असेल तर लेझरची शक्ती जास्त होतेय आणि रिंग स्वतःच्याच प्रकाशाने तापतेय.

आता तुझ्या ८२ कडे. मिठाच्या १ टक्क्याने अपवर्तनांक साधारण ०.००१८ ने वाढतो, तुला १०६ पिकोमीटर मिळाले, म्हणजे तुझी संवेदनशीलता अपवर्तनांकाच्या एककामागे ५९ नॅनोमीटर. टीई रिंगेला शोभेल अशीच. उलटं गणित कर: ८२ पिकोमीटर म्हणजे अपवर्तनांकात ०.००१४ ची वाढ. नमुन्यात प्रति मिलिलिटर २० मायक्रोग्रॅम प्रथिन आहे, तेवढ्याने द्रावणाचा अपवर्तनांक एवढा हलणं शक्यच नाही. कित्येकशे पटींनी कमी पडतं. म्हणजे बाटलीतून दुसरं काहीतरी आलंय. मला काय ते वाटतंय, पण लेबल तू वाच.

---

पिपेटताई

रिंगमास्तर, तुम्ही उत्तर राखून ठेवलंत, मी फोडते. अँटिबॉडीच्या कितीतरी बाटल्या ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतात, उणे वीसला गोठू नये म्हणून. ५० पट पातळ केलं तरी १ टक्का उरतं.

पण मला त्याहून जास्त खटकलं ते थेंबाचं. अरे तरंगवेड्या, अर्धा मायक्रोलिटर म्हणजे अर्धा घन मिलिमीटर. अर्धगोल धरला तर त्रिज्या सहाशे मायक्रॉनच्या वर जाते. एपीटीईएस लावलेल्या पृष्ठभागावर थेंब अर्धगोलही राहत नाही, आणखी पसरतो. आणि तुझ्या रिंगा ५०० मायक्रॉनवर! ब रिंगवर ठेवलेला बीएसएचा थेंब अ रिंगेला झाकून बसला असणार.

तू लिहिलंयस त्या क्रमाने आधी बीएसए ठेवलंस ना? मग अ रिंगेवरच्या जागा बीएसएने आधीच अडवल्या, आणि आयजीजीला उभं राहायला जागा उरली नाही. तुझा खरा सिग्नल तेरावरच का अडकला त्याचं मला हे कारण वाटतं. २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही भरपूर मात्रा आहे. एवढ्यात चांगला पृष्ठभाग काही मिनिटांत भरून जायला हवा.

बीएसए नेहमी शेवटी. ते उरलेल्या रिकाम्या जागा बुजवण्यासाठी असतं, जागा धरून ठेवायला नाही.

आणि एपीटीईएसबद्दल. कसं लावलंस, किती वेळ, टोल्युईनमध्ये की इथेनॉलमध्ये, हे तू लिहिलंच नाहीस, म्हणजे तुला ते महत्त्वाचं वाटलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाले सगळे असेच. एपीटीईएसला ओल मिळाली की त्याचे रेणू आपसातच जोडले जातात आणि एका थराऐवजी गाठीगाठींचा जाड लेप बसतो. तुमचा प्रकाश बाहेर शंभर नॅनोमीटरच पोचतो ना? मग त्यातले वीस-तीस लेपातच गेले तर अँटिबॉडीपर्यंत उरला किती? शिवाय असा लेप प्रयोग चालू असताना पाण्यात सुटत राहतो. रेषा सरकायचं तेही एक कारण असू शकतं, सगळं तापमानावर ढकलू नका.

---

रिंगमास्तर

थेंबाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मान्य.

लेपाचं एक सांगतो, दिशा वेगळी असते. लेप सुटत असेल तर रिंगेवरून पदार्थ कमी होतोय, म्हणजे रेषा खाली जायला हवी. याची वर चढतेय. तरी ताईंचं खरं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं आणि मग एकमेकांना झाकतात.

---

वायुपुत्र

मध्येच तोंड घालतो. तुम्ही सगळे अपवर्तनांकाच्या मागे का लागता? मी वायू मोजतो. आमच्याकडे अँटिबॉडी नाही, एपीटीईएस नाही, थेंब नाही. मिथेन १६५१ नॅनोमीटरजवळ स्वतःच प्रकाश शोषतो, त्याची ही शोषणरेषा म्हणजे त्याची सही. आयबीएमच्या गटाने २०१७ साली १० सेंटिमीटर लांबीचा सिलिकॉन वेव्हगाइड चिपवर गुंडाळून १०० पीपीएमच्या खालचा मिथेन त्याच रेषेवर मोजून दाखवला. लेझर रेषेवरून सरकवायचा, खड्डा किती खोल ते बघायचं. तापमान थोडं हललं तरी मिथेनची रेषा जागची हलत नाही.

शिवाय सिलिकॉनच हवं कशाला? सिलिकॉन नायट्राइड घ्या, तापमानाचा त्रास कितीतरी कमी.

---

रिंगमास्तर

वायुपुत्र, तुमचा रेणू छोटा आणि त्याला टोकदार रेषा आहे, म्हणून चैन आहे. अँटिबॉडी हा दीड लाख डाल्टनचा बोजा पाण्यात तरंगतोय. जवळच्या अवरक्तात तिची अशी एकही टोकदार रेषा नाही जी पाण्यापासून वेगळी काढता येईल. उलट पाणीच १५५० ला एवढं शोषतं की आमच्या रिंगांचा क्यू तिथे अडतो. (तरंगवेडा, पुढची चिप काढशील तेव्हा १३१० चा विचार कर. तिथे पाण्याचं शोषण जवळपास दहा पटींनी कमी आहे.)

नायट्राइडचं बरोबर आहे, अंशामागे २० पिकोमीटरच्या आसपास निभतं. पण हातात असलेली चिप फेकून प्रश्न सुटत नाही. याच्या ८२ पिकोमीटरला नायट्राइडवरही ग्लिसरॉल ते ग्लिसरॉलच राहील.

---

तरंगवेडा

मंडळी, लेबल वाचलं. ग्लिसरॉल ५० टक्के, सोडियम अझाइड ०.०२ टक्के. बारीक अक्षरात होतं असं म्हणणार होतो, पण नाही, चांगलं ठळक आहे.

गणित केलं. १ टक्का ग्लिसरॉल आकारमानाने, म्हणजे वजनाने सव्वा टक्का. अपवर्तनांकातली वाढ ०.००१४ ते ०.००१५. माझ्या संवेदनशीलतेने ८५ पिकोमीटर. माझे ८२ होते. कागद समोर ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आणि रिंगमास्तर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटते. नमुन्यानंतर पीबीएस सोडायचो, पण तेव्हा रेकॉर्डिंग बंद केलेलं असायचं. रेषा सपाट झाली की फाइल सेव्ह करून चॅनल धुवायचो. काल पहिल्यांदा धुताना रेकॉर्ड केलं. ब रिंग ८१ वर गेली होती, पीबीएस येताच अर्ध्या मिनिटात २ वर आली. अ रिंग ९६ वरून १५ वर. म्हणजे दोन्हींवरून ८० च्या आसपास निघून गेले, कारण ते कधी चिकटलेच नव्हते.

जुन्या फाइली परत उघडल्या. ब रिंगेचा चढ जवळजवळ उभा आहे, भिंतीसारखा. अ चा उभा चढून वर किंचित वाकतो. तो वाकलेला तुकडाच काय तो माझा होता.

थर्मिस्टर ठोकळ्यात आहे, चिपपासून दोन सेंटिमीटरवर. दिवा चालू असायचा. बंद केल्यावर रेषा ६ पिकोमीटर खाली आली.

ताई, एपीटीईएस २ टक्के इथेनॉलमध्ये, रात्रभर.

---

पिपेटताई

रात्रभर! बाळा, तू लेप नाही, भिंत बांधलीस. थोडा वेळ पुरे, मग इथेनॉलने भरपूर धुऊन तापवून घे. पृष्ठभागाला पाण्याचा थेंब लावून स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) मोज, दर वेळी तोच यायला हवा. पन्नास-साठ अंशांच्या आसपास आणि सगळ्या चिपांवर सारखा आला तर पुढे जा. एका चिपवर चाळीस आणि दुसरीवर पंच्याहत्तर आला तर अँटिबॉडी वाया घालवू नकोस.

ग्लिसरॉल काढायला डिसॉल्टिंग कॉलम (छोटे रेणू मागे ठेवणारी नळी) वापर, अँटिबॉडी थेट तुझ्या पीबीएसमध्येच येईल. आणि ते पीबीएस बेसलाइनच्या (नमुन्याआधी वाहतं त्या) बाटलीतलंच घे, नव्याने बनवलेलं नको. दोन वेळा बनवलेली पीबीएस द्रावणं एकसारखी नसतात, आणि तुमच्या या यंत्राला तो फरक दिसतो. आमच्या एलिसाला (रंगावरून प्रथिन मोजायच्या चाचणीला) कधी दिसत नव्हता, म्हणून आम्ही सुखी होतो.

---

रिंगमास्तर

भिंतीसारखा चढ आणि वाकलेला चढ, हे तुला आता दिसायला लागलं ना, मग या कामातलं अर्धं तू शिकलास. द्रावण बदललं की रेषा लगेच उभी चढते आणि धुतल्यावर लगेच उतरते. चिकटणं सावकाश होतं, आणि धुतल्यावर मागे काहीतरी उरतं. म्हणून नमुन्याआधी जेवढा वेळ बेसलाइन घेतोस निदान तेवढाच वेळ नंतर धुताना रेकॉर्ड कर, आणि आकडा नेहमी धुतल्यानंतरचा सांग.

कंट्रोल रिंगांचं थोडं विस्ताराने, कारण इथे बरेच जण गोंधळतात. इलिनॉय विद्यापीठात रायन बेली यांच्या गटाच्या चिपवर ३२ रिंगा होत्या, त्यातल्या ८ पॉलिमरखाली झाकलेल्या. झाकलेल्या रिंगेला द्रव लागत नाही, तिला फक्त तापमान कळतं. तुझी ब रिंग उघडी आहे, तिला तापमानही कळतं आणि ग्लिसरॉलही. दोन्ही प्रकारच्या ठेवल्यास तर कोणाचा दोष किती ते वेगळं काढता येतं. एकच ठेवायची असेल तर उघडीच ठेव, आणि ती अ रिंगेची जुळी बहीण असावी: तेवढाच एपीटीईएस, तेवढंच प्रथिन, फक्त नमुन्याशी नातं नसलेलं. नुसत्या बीएसएपेक्षा दुसऱ्याच प्राण्याचं आयजीजी बरं.

वजाबाकीवर मात्र विसंबू नकोस. ९५ मधून ८२ वजा करून १३ काढणं म्हणजे दोन मोठ्या आकड्यांच्या चुका त्या छोट्या आकड्यात ओतणं. आधी ८२ घालव.

---

तरंगवेडा

तीन आठवड्यांनी परत आलो.

एपीटीईएस वीस मिनिटं. स्पर्शकोन चार चिपांवर ५४ ते ५८. थेंब आता एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, कारण कंट्रोल म्हणून चिपच्या दुसऱ्या टोकाची रिंग घेतली, चार मिलिमीटर दूर, तिच्यावर शेळीचं आयजीजी. बीएसए सगळ्यात शेवटी, चॅनलमधूनच सोडलं. अँटिबॉडी कॉलममधून काढून त्याच बाटलीतल्या पीबीएसमध्ये. नमुना तासभर आधी चिपशेजारी ठेवतो. थर्मिस्टर चिपच्या कडेला चिकटवला.

अ रिंग १२८ वर गेली, धुतल्यावर १२१. कंट्रोल ९ वर, धुतल्यावर ४. रेषेचं आपोआप चढणं तासाला ६ पिकोमीटरवर आलं.

एका प्रयोगात मध्येच सगळ्या रिंगा एकदम काही नॅनोमीटर खाली पडल्या आणि चाळीस सेकंदांनी परत आल्या. बुडबुडा. बघता बघता गेला, पण जाताना अ रिंगेचे २० पिकोमीटर घेऊन गेला.

आता सर विचारतात, किमान किती मात्रा दिसेल तो आकडा काढ. बेसलाइनचा सिग्मा (प्रमाण विचलन, म्हणजे रेषेची थरथर) ०.४ पिकोमीटर आहे. त्याची तिप्पट घेऊन सरळ भागायचं ना? फार छान आकडा येतोय.

---

रिंगमास्तर

छान येतोय म्हणूनच थांब. तो ०.४ किती वेळाच्या बेसलाइनवरून काढलास? एका मिनिटाच्या असेल, तर तो तुझ्या लेझरचा आणि डिटेक्टरचा गोंगाट आहे, प्रयोगाचा नाही. तुझी कंट्रोल धुतल्यावरही ४ पिकोमीटर दाखवते. म्हणजे काही नसतानाही तुझा प्रयोग ४ म्हणतो, आणि पुढच्या चिपवर २ म्हणेल की ९, हे तुला आज माहीत नाही. सिग्मा त्याचा काढ. अँटिबॉडी नसलेला नमुना, निदान तीन चिपांवर मिळून दहा वेळा, पूर्ण पद्धतीने, धुण्यासकट. मग तिप्पट घे.

आकडा खराब होईल. गेंट विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये अशाच सिलिकॉन रिंगेवर अ‍ॅव्हिडिन १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत दाखवलं होतं, त्याच्या आसपास आलास तरी मान ताठ ठेव. आणि तेव्हा बायोटिन-अ‍ॅव्हिडिनची जोडी होती, तिच्याइतकं घट्ट क्वचितच काही चिकटतं. तुझी जोडी तेवढी घट्ट नाही.

बुडबुड्यासाठी पीबीएस वापरण्याआधी निर्वातात ठेवून त्यातली हवा काढ. पीडीएमएसमधून हवा झिरपते, त्यामुळे चॅनलही आधी अर्धा तास भरून ठेव.

---

पिपेटताई

आणि बुडबुडा गेलेली चिप दहाच्या मोजणीत धरू नकोस. तो रिंगेवरून जातो तेव्हा प्रथिन खरवडत जातो, २० पिकोमीटर त्याचेच.

सिरममध्ये (रक्तातल्या द्रवात) कधी जाणार आहेस? पीबीएसमध्ये ४ दाखवणारी कंट्रोल सिरममध्ये किती दाखवते ते आधी एकदा बघून ये, मग बोलू.

---

तरंगवेडा

काल न राहवून दहा टक्के सिरम सोडलं. धुतल्यावर कंट्रोल २१०.

नवीन धागा काढतो.